एका शब्दावर अडलेला करार

१२ डिसेंबर २०१५, शनिवारची संध्याकाळ. पॅरिसजवळ ल बुर्जेच्या मोठ्या हॉलमध्ये जगभरच्या देशांची माणसं येऊन बसलीयत. दोन आठवडे रात्र रात्र जागून हवामान बदल रोखण्याच्या कराराचा मसुदा तयार झालाय, सगळे थकलेत, आता घोषणा होईल मग होईल असं चाललंय आणि घोषणा काही होत नाही.

अडलंय एका शब्दावर.

कलम ४ मधला चौथा परिच्छेद. श्रीमंत देशांनी हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन कमी करण्यात पुढे राहायला "हवं", असं ठरलेलं होतं आणि शेवटच्या कॉपीत ते झालं "राहावंच लागेल". इंग्रजीत आधी शूड होतं, आता शॅल. अमेरिकेच्या वकिलांच्या लगेच लक्षात आलं, कारण असं बंधन आलं की करार सिनेटपुढे, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहापुढे, न्यावा लागणार आणि तिथे तो पास होणार नाही हे उघड होतं, आधीच्या क्योटो हवामान करारावरसुद्धा अमेरिकेने सही केली होती पण मंजुरी कधीच दिली नाही. मग टायपिंगच्या चुका वाचाव्यात तशा दुरुस्त्या वाचून दाखवल्या गेल्या, त्यातच हा शब्द बदलला आणि परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लॉरां फाबियुस यांनी छोटीशी हिरवी हातोडी आपटली. पॅरिस करार झाला.

एका शब्दासाठी एवढं का, तर संयुक्त राष्ट्रांच्या या हवामान परिषदांमध्ये मतदान होत नाही, सगळ्यांची संमती लागते. म्हणजे तेल विकून जगणारा देश आणि समुद्रात बुडत चाललेला देश, दोघांनाही मान्य होईल असंच वाक्य लिहायचं. फार हळू चालतं हे सगळं, राग येतो कधी कधी. पण याच पद्धतीमुळे लहान देशाचा आवाज तिथे ऐकावा लागतो, आणि मला वाटतं पॅरिसची खरी गोष्ट तीच आहे.

तोवर बहुतेक चर्चा पृथ्वीची तापमानवाढ, कारखानदारी सुरू होण्याआधीच्या तुलनेत, २ अंशांवर रोखायची अशीच होती. पॅसिफिकमधला छोटा देश मार्शल बेटं समुद्रापासून सरासरी जेमतेम २ मीटर उंच, त्यांना २ अंश परवडणारच नव्हते. त्यांचे मंत्री टोनी डी ब्रम, ज्यांनी ९ वर्षांचे असताना आजोबांबरोबर मासे धरताना १९५४ चा अमेरिकेचा अणुस्फोट डोळ्यांनी पाहिला होता, त्यांनी एकेक देश गाठून गट बांधला, गरीब देश आले, युरोप आला, शेवटी अमेरिकाही आली. त्या शनिवारी या गटातले लोक कोटाला नारळाच्या झावळीची पट्टी लावून हॉलमध्ये शिरले. करारात १.५ अंशाचं उद्दिष्ट आलं ते असं.

पुढची वाट सोपी नव्हतीच. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये कोळसा "बंद करू" चं शेवटच्या क्षणी "कमी करू" झालं, भारताने तसं सुचवलं होतं, आणि त्या परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना त्यांचा गळा दाटून आला. जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं, हे स्पष्ट शब्दांत लिहायला तर २०२३ ची दुबईची परिषद उजाडावी लागली. २०२४ हे वर्ष १.५ अंशाच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने दुसऱ्यांदा करारातून बाहेर पडायचं जाहीर केलं.

पण त्याच वर्षी आणखी एक झालं. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं होतं की हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. तिथल्याच वानुआतू या बेटांच्या देशाच्या सरकारने तो उचलून धरला, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने पुढे पाठवला, आणि २३ जुलै २०२५ ला हेगमध्ये न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं की हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर भरपाईसुद्धा द्यावी लागू शकते. हे मत कोणावर बंधनकारक नाही, ते सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे. पण आता जगातल्या कुठल्याही कोर्टात वकील ते पान उघडून समोर ठेवू शकतो.