ग्रीनस्टेड: ओकच्या भिंतीचं चर्च

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं ग्रीनस्टेड. हे तिथलं सेंट अँड्र्यूज चर्च. पांढऱ्या फळ्यांचा मनोरा पुढे जोडलेला. आतल्या घंटेवर १६१८ हे साल आहे. वेदीकडचा विटांचा भाग ट्यूडर राजांच्या काळातला, म्हणजे साधारण १५००च्या सुमाराचा. पण खरं बघायचं ते या दोहोंच्या मध्ये.

ही भिंत. ओकचे ओंडके, उभे, एकाला एक लागून. गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. आतून पाहिलं, की सुताराच्या वाकसाचे घाव अजून दिसतात. लाकूड वाळलं की आकसतं आणि सांध्यात फट पडते. म्हणून ओंडक्यांच्या कडांना खाच पाडून मधे ओकचीच पातळ पट्टी बसवली. ओंडका आकसला तरी पट्टी फट झाकते. वारा आत शिरत नाही.

उभ्या लाकडाला धोका पायाशी. त्याचे धागे उभे, त्यामुळे जमिनीतली ओल सरळ वर चढते, आणि ओल नि हवा दोन्ही मिळतात तिथे बुरशी धरते. १८४८च्या दुरुस्तीत बुंधे कुजलेलेच निघाले. तेवढा कुजका भाग कापला, विटांचं जोतं बांधलं, त्यावर ओकची नवी आडवी तुळई टाकली आणि तिच्यावर जुनेच ओंडके पुन्हा उभे केले. नवं लाकूड आणणं सोपं होतं. जुनं राखलं, म्हणून आज ही भिंत आहे. ओंडक्यांची मूळ लांबी मात्र गेली.

भिंत किती जुनी? पूर्वी ८४५ हे साल सांगत. पुढे लाकडातली वर्षवलयं पुन्हा तपासली, तेव्हा उरलेलं शेवटचं वलय १०५३चं ठरलं. सालीलगतचं कोवळं लाकूड झडून गेलंय. त्याची १० ते ५५ वलयं धरली, की झाडं तोडली गेली १०६३ ते ११०८च्या दरम्यान. नवव्या शतकात मारला गेलेला राजा संत एडमंड, त्याचा देह नेताना १०१३मध्ये इथे मुक्काम झाला असं मानतात. तेव्हा या भिंती नव्हत्या. जमिनीखाली त्याहून जुन्या लाकडी बांधकामाच्या खुणा १९६०च्या उत्खननात सापडल्या.

टॉलपडल गावच्या शेतमजुरांना संघटना बांधली म्हणून १८३४मध्ये शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलं होतं. माफी मिळून परतलेल्यांपैकी जेम्स ब्राइन यांचं लग्न १८३९ साली इथेच लागलं.

आता पुन्हा पायाशी या. खाली वीट, वर ओक. माती नि पालापाचोळा या विटांच्या वर चढू द्यायचा नाही. तो लाकडाला टेकला, की ओल पुन्हा थेट बुंध्यात.