पुस्तकाचं बारसं, डेव्हिल टॅव्हर्नमध्ये

लंडनची फ्लीट स्ट्रीट. टेम्पल बार या शहराच्या जुन्या वेशीला लागून इथे एके काळी 'डेव्हिल टॅव्हर्न' नावाचा पब होता. नाटककार बेन जॉन्सनची बैठक इथल्याच 'अपोलो' दालनात भरायची. बैठकीचे नियम त्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते. विद्वान यावेत, हसतमुख माणसं यावीत आणि निवडक स्त्रियांनाही मज्जाव नसावा, असं त्यांत म्हटलं होतं.

सव्वाशे वर्षांनी याच पबमध्ये एका स्त्रीसाठी अख्खी रात्र जागवली गेली.

१७५० च्या डिसेंबरात शार्लट लेनॉक्स या विशीतल्या लेखिकेची पहिली कादंबरी आली, 'द लाइफ ऑफ हॅरियट स्टुअर्ट'. सॅम्युअल जॉन्सन तेव्हा जवळच गॉफ स्क्वेअरमध्ये इंग्रजी शब्दकोश रचत होते. या पुस्तकाला ते शार्लटचं पहिलं साहित्यिक अपत्य म्हणत, आणि त्याचं बारसं रात्रभर व्हायला हवं, असा त्यांनी मित्रांपुढे हट्टच धरला. जॉन हॉकिन्स म्हणाले, मी आयुष्यात कधी रात्रभर जागलेलो नाही. जॉन्सननी ऐकलं नाही. आणि बरंच झालं, कारण त्या रात्रीचं वर्णन पुढे हॉकिन्सनीच लिहून ठेवलं.

रात्री आठच्या सुमारास वीसेक माणसं जमली. शार्लट, तिचा नवरा, एक मैत्रीण आणि जॉन्सनची मित्रमंडळी. जेवणात सफरचंदं भरलेला भलामोठा गरमागरम 'ॲपल पाय' हवाच, असं जॉन्सननी आधीच बजावलं होतं. त्यावर लॉरेलची पानं खोचलेली होती, कारण शार्लट कविताही लिहायची आणि लॉरेल हा कवींचा मान. मग जॉन्सननी स्वतःच रचलेल्या विधींनी काव्यदेवतांना आवाहन केलं आणि लॉरेलचा मुकुट तिच्या मस्तकावर ठेवला. स्त्रीनं कादंबरी लिहिणं हा फावल्या वेळचा उद्योग समजला जाण्याच्या काळात, लंडनच्या ऐन भरवस्तीत झालेला हा सन्मान मला फार मोठा वाटतो.

गप्पा, हास्यविनोद, मधूनमधून कॉफी आणि चहा. पहाटे पाचला बाकीचे पेंगुळले होते, पण जॉन्सनचा चेहरा भर दुपारसारखा उजळलेला होता. रात्रभर ते फक्त लिंबूसरबत प्यायले होते! वेटर झोपेनं इतके बेजार, की बिल हातात पडायला दोन तास लागले. मंडळी बाहेर पडली तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते.

१७८७ मध्ये डेव्हिल टॅव्हर्न पाडला गेला. हॉकिन्सनी लिहिलेलं जॉन्सनचं चरित्र, ज्यात ही रात्र नोंदलेली आहे, तेही त्याच वर्षी प्रकाशित झालं.

शार्लट पुढेही लिहीत राहिली. १७५२ च्या तिच्या 'द फीमेल किक्झोट' या गाजलेल्या कादंबरीची अर्पणपत्रिका जॉन्सननीच लिहून दिली. पैशानं मात्र तिला कधी साथ दिली नाही. १८०४ मध्ये ती गेली, ती गरिबीतच. पण जॉन्सनचं मत अखेरपर्यंत बदललं नव्हतं. १७८४ मध्ये, निधनाच्या काही महिने आधी, एलिझाबेथ कार्टर, हॅना मोर आणि फॅनी बर्नी या लेखिकांसोबत जेवून आल्यावर ते आपला मित्र आणि चरित्रकार बॉझवेल याला म्हणाले, अशा तिघी कुठे सापडायच्या नाहीत. चौथी म्हणावी तर मिसेस लेनॉक्स, आणि ती या सगळ्यांहून वरचढ.