पोस्टरचं नळकांडं घेऊन व्हिएन्नाला

नमस्कार श्रोतेहो.

दरवर्षी मार्चच्या अखेरीस मला एक फोन हमखास येतो. फोन करणारा बदलतो, बोलणं तेच. "सर, व्हिएन्नाच्या परिषदेत माझं पोस्टर लागणार आहे. व्हिसाला किती दिवस लागतात हो?" मी विचारतो, "अपॉइंटमेंट घेतलीस का?" पलीकडे शांतता.

ही परिषद म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची, ईजीयूची. २००५ पासून ती व्हिएन्नात भरते, एप्रिल नाहीतर मे महिन्यात. आम्हा भूशास्त्रवाल्यांची वारीच म्हणा ना. पोस्टर म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर छापून तिथे लावायचं. शोधनिबंधाचा सारांश साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत पाठवायचा असतो आणि आपलं सादरीकरण कुठल्या दिवशी, हे पक्कं कळेपर्यंत मार्च उजाडतो. खरी अडचण इथेच आहे. ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, पण निदान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णय बहुधा १५ दिवसांत होतो, मात्र प्रकरण तपासायला घेतलं तर ४५ दिवसही लागू शकतात. त्यात ऐन उन्हाळ्यात सगळा महाराष्ट्र युरोपच्या सहलीला निघालेला, त्यामुळे व्हिसा केंद्रात तारखाच मिळत नाहीत. म्हणून मी सांगतो, सारांश पाठवलास ना, त्याच दिवसापासून कागद जमवायला लाग.

कागद कोणते? परिषदेचं निमंत्रणपत्र, संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र, राहण्याची सोय, विमानाचं आरक्षण, बँकेचे उतारे आणि किमान ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. व्हिसाची फी ९० युरो, व्हिसा केंद्राचे पैसे वेगळे.

बँकेच्या उताऱ्यापाशी पीएचडीची मुलं अडतात. फेलोशिप चार-चार महिने येतच नाही आणि आली की एकदम येते. खात्यात तीन महिने शुकशुकाट आणि मग अचानक मोठी रक्कम, हे व्हिसा अधिकाऱ्याला खटकतं. अशा वेळी फेलोशिपचं पत्र जोडा, आणि आई-वडील खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, त्यांचे उतारे आणि प्राप्तिकराची विवरणपत्रंही.

दुसरी अडचण आपल्या नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव अशी तिहेरी ओळ असते. सारांशावर मात्र आपण नुसतं आद्याक्षर आणि आडनाव घालतो. लग्न झालेल्या मुलींचं तर कधी कधी असं होतं की पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि शोधनिबंध सासरच्या. निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर तेच, येऊ द्या. शोधनिबंधावर काय हवं ते छापा, तो विमानतळावर कोणी मागत नाही.

सरकारी पैशातून जाणाऱ्यांनी तिकीट काढायची घाई करू नये. केंद्र सरकारच्या २०२२च्या नियमानुसार ते बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन ठरलेल्या सरकारी कंपन्यांकडूनच काढायचं असतं. इतर साइटवर पाच हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून काढलंत, तर नंतर लेखा विभागाला समजावता समजावता नाकी नऊ येतात.

आता विमान. दुबई किंवा दोहामार्गे गेलात तर शेंगेनची पासपोर्ट तपासणी व्हिएन्नात होते. जर्मनीत विमान बदललंत तर ती जर्मनीतच होते, कारण शेंगेनच्या हद्दीत तुम्ही तिथे शिरता. पहिल्या खेपेला मला याची कल्पनाच नव्हती. दोन विमानांमध्ये सव्वा तास होता, म्हटलं पुष्कळ झाला. रांगेत उभा राहिलो, हातात हे एवढं पोस्टरचं नळकांडं, आणि काचेपलीकडे माझं विमान पाठीमागे सरकताना दिसत होतं. चूक माझीच. तेव्हापासून मी तीन तास ठेवतो आणि पोस्टर कापडावर छापून घेतो. शर्टासारखी घडी घालून ते सामानात जातं आणि सुरकुत्या पडल्या तर हॉटेलातली इस्त्री आहेच. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

खाण्याचं सांगतो. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा आणि आईनं आग्रहानं दिलेली तुपाची बरणी घरीच राहू द्या. शेंगदाण्याची चटणी, भाजणी खुशाल न्या. तिथे रस्त्याकडेच्या टपरीवर 'केझेक्राइनर' असं लिहिलेलं दिसेल. केझे म्हणजे चीज हे कळल्यावर आमच्या एका शाकाहारी मित्राला फार आनंद झाला होता. ते चीज भरलेलं मांसाचं सॉसेज असतं! पाणी मात्र विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, बाटली भरा आणि प्या.

विमानतळावरून शहरात न्यायला एक खास गाडी आहे, सोळा मिनिटांत पोचवते, पण महाग. तिच्या नादी लागू नका. साधी रेल्वे पकडून हाउप्टबानहोफ या मुख्य स्थानकावर उतरा. तिथून लिओपोल्डाऊकडे जाणारी यू-१ मेट्रो थेट काइझरम्यूलनला सोडते, परिषदेची इमारत स्थानकाला लागूनच आहे. मेट्रोला आपल्यासारखी फाटकं नाहीत. कागदी तिकीट मात्र आत शिरताना निळ्या पेटीत घालून छापून घ्यावं लागतं. खिशात तिकीट असून छाप नसेल, तर तपासनीस विनातिकीटच धरतो.

रविवारी पोचणार असाल तर दुकानं बंद असतात, हे ध्यानात ठेवा. मोठ्या रेल्वे स्थानकांमधली तेवढी उघडी सापडतात. आणि घरी फोन करताना घड्याळ बघा. त्या दिवसांत आपण साडेतीन तास पुढे असतो. तिथे रात्री नऊ वाजता "जेवलो गं" म्हणून सांगायला फोन कराल, तेव्हा इथे साडेबारा झालेले असतील.

परतल्यावर बोर्डिंग पास टाकून देऊ नका, मोबाइलवरचा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. महिन्याभरानं लेखा विभागातून फोन येईल. पोस्टर कसं झालं, असं कोणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, "सर, जातानाचा बोर्डिंग पास जोडलेला नाही."

नमस्कार.