पाणी ३९ फुटांवर असताना

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. पावसाळ्यात कोल्हापूरकर हा आकडा बघतो, मगच चहा घेतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती.

घर सोडायची बोलणी बहुतेकदा ४३ जवळ आल्यावर होतात. जनावरांनी मात्र ३९ लाच निघायचं. रस्ता कोरडा आहे तोवर टेम्पो मिळतो. नदीकाठच्या प्रयाग चिखली गावात उंचावरच्या सोनतळीची वाट धरली जाते ती त्याच वेळी. नंतर येते ती बोट, आणि बोटीत म्हैस चढत नाही. कुत्र्यामांजराला जागा मिळेलच असंही नाही.

सगळ्यात अवघड मांजर. सामान हलायला लागलं की ते माळ्यावर नाहीतर कपाटामागं जाऊन बसतं. हाका मारून उपयोग नाही. म्हणून आधी मांजर पिंजऱ्यात, मग बांधाबांध. पिंजरा जूनपासूनच घरात उघडा ठेवा, आत त्याचं नेहमीचं फडकं टाका, अधूनमधून खाणंही तिथंच द्या. पिंजरा नसेल तर उशीचा सुती अभ्रा चालतो, खालून हाताचा आधार द्यायचा. प्लॅस्टिकची पिशवी नको, गुदमरतं. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या ते जिवावर बेततं.

कुत्र्याला छातीचा पट्टा घाला. घाबरलेलं कुत्रं मागं सरकतं आणि गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटतो. १० किलोच्या कुत्र्याला ७ दिवसांचं ५ लिटर पाणी बरोबर घ्या. पुराचं पाणी चाटलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) भीती. लसीचं कार्ड आणि कुत्र्यासोबतचा तुमचा फोटो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, चुकामूक झाली तर मालकी सांगायला.

गोठ्यात घटसर्प-फऱ्या या गुरांच्या रोगांची लस मे महिन्यातच उरकलेली बरी, अंगात ताकद यायला २-३ आठवडे जातात. घरची वैरण थोडी सोबत न्या. छावणीतली एकदम घातली की पोट फुगतं. कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवा.

पाणी रात्रीत चढलंच, तर दावी सोडा आणि दार उघडं टाका. म्हैस पोहते, बांधलेली बुडते. दाव्याला निरगाठ नको, सुरगाठ मारा: सुंभ भिजून फुगला की निरगाठ आवळते, अंधारात बोटांना सुटत नाही. एक विळा आढ्याला खोचून ठेवा. खाली ठेवलेला पाण्यात सापडत नाही.