मिनिटाला किती लिटर?

पावसाळ्यात मुंबईतील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसचे गंभीर रुग्ण येऊ लागतात. अशा रुग्णाचा रक्तदाब घसरला की आणखी सलाईन द्यावे की थांबवावे, हा प्रश्न तातडीचा होतो, कारण ते कमी पडले तर मूत्रपिंडे धोक्यात येतात आणि जास्त झाले तर पाणी फुप्फुसांत उतरते. एकटा रक्तदाब याचे उत्तर देत नाही. रक्तवाहिन्या आवळलेल्या असल्या, तर हृदय कमी रक्त फेकत असतानाही तो बरा दिसू शकतो.

हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडते, म्हणजेच कार्डियाक आउटपुट किती, हे मोजण्यासाठी १९७०नंतर स्वान-गांझ कॅथेटर (एक बारीक नळी) रूढ झाला. तो मोठ्या शिरेतून, हृदयातून पुढे थेट फुप्फुस धमनीत न्यावा लागतो, आणि प्लेटलेट घटलेल्या रुग्णाच्या मोठ्या शिरेत सुई घालणे हीच मुळात रक्तस्रावाची जोखीम.

टू-डी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, सुई लागत नाही. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या मार्गाचा व्यास मोजायचा आणि एका ठोक्यात रक्त तिथून किती अंतर पुढे सरकते, ते डॉप्लरने (ध्वनिलहरींवरून रक्ताचा वेग मोजणाऱ्या तंत्राने) पाहायचे. समजा, व्यास २० मिलिमीटर आणि अंतर १४ सेंटिमीटर आले, तर एका ठोक्याला सुमारे ४४ मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला १२० ठोके धरले, तर सव्वापाच लिटर. आकडा निरोगी माणसाचा वाटतो खरा, पण तो हृदयाच्या धावपळीने राखलेला आहे. शिवाय व्यास २०ऐवजी १८ मोजला गेला, तर हिशेबातून जवळजवळ एक लिटर गायब होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला इकोसाठी डाव्या कुशीवर वळवणे अवघड, त्यात हवेने फुगलेले फुप्फुस प्रोबच्या आड येते, त्यामुळे अशी चूक सहज घडते. बोटाला पट्टा लावून मोजणारी यंत्रेही आहेत, पण शॉकमध्ये, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडतो तेव्हा, बोटेच गार पडतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबणे कठीण.

म्हणून एकट्या आकड्यापेक्षा त्यात होणारा बदल अधिक विश्वासाचा. व्यास तोच धरून डॉक्टर खाटेचे डोके खाली आणि पायांकडची बाजू वर करतात. पायांतले नि पोटातले सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते आणि मिनिटभरात परिणाम दिसतो. डॉप्लरचे अंतर १० ते १५ टक्क्यांनी वाढले, तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता असते. ते जागचे हललेच नाही, तर रक्तदाब कमी असूनही सलाईन न वाढवता नॉरअ‍ॅड्रेनलिनसारख्या, रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाकडे वळण्याचा विचार होतो.