मासा मरत नाही, पिल्लं येत नाहीत

(गोदाघाटावरील व्याख्यानाचा संपादित अंश)

नाशिकमध्ये ‘हार्मोन’ म्हटलं की निम्म्या सभेला द्राक्षबाग आठवते. जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग (घड त्यात बुडवणं), मण्यांची फुगवण. ते झाडाचं संप्रेरक. आजचा विषय तो नाही. मी बोलतोय ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाबद्दल. माणसाच्या, गाईम्हशींच्या लघवीतून ते गटारात जातं, गटारातून नदीत.

किती? आकडा ऐकला की लोक हसतात. कॅनडात, ओंटारिओमध्ये, प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, इथिनिलएस्ट्राडिओल, सोडलं. प्रमाण लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम; एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आपलं गंगापूर धरण धरा, सुमारे साडेपाच टीएमसी. ते काठोकाठ भरलेलं असताना त्यात हेच प्रमाण आणायला एक किलोसुद्धा लागणार नाही.

त्या तळ्यात फॅटहेड मिनो नावाचा बोटाएवढा मासा होता. त्याच्या नरांच्या अंगात बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, जे एरवी अंडी घालणारी मादी करते. काहींच्या वृषणात अंडपेशी सापडल्या. मासे पटापट मेले नाहीत. पिल्लं येईनाशी झाली. आयुष्यच मोजक्या वर्षांचं, त्यात वीण चुकत गेली, आणि वंश बुडायच्या बेताला आला. मग त्यांच्यावर जगणाऱ्या मोठ्या ट्राऊट माशांचीही आबाळ झाली.

आपण नदी बघतो ती फेस, पाणवेली आणि तरंगणारे मेलेले मासे यांच्यावरून. त्यांचा फोटो पेपरात येतो. न जन्मलेल्या पिल्लांचा कसा येणार?

मलजल शुद्धीकरण केंद्रातून पाणी जातंच की, असं कुणी म्हणेल. जातं. पण तिथला हिशेब मुख्यतः बीओडीचा, म्हणजे घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूचा. शिवाय एक गंमत आहे, गंमत कसली! आपलं यकृत इस्ट्रोजेनला एक शेपूट जोडून निष्क्रिय करतं आणि बाहेर धाडतं. गटारातले जिवाणू ती शेपूट तोडतात. संप्रेरक पुन्हा जागं. नैसर्गिक इस्ट्रोजेन केंद्रात बरंचसं मोडतं, गोळीतलं मात्र चिवट. त्यात उन्हाळ्यात धरणाचं आवर्तन नसलं की पात्रात ते पातळ करायला पाणी कुठून आणणार? आणि खाली नांदूरमध्यमेश्वर, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलेलं. तिथले कितीतरी पक्षी माशांवर जगतात.

मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, “मग बायकांनी गोळ्या बंद करायच्या का?” मुळीच नाही. गोळी हा एक वाटा; नैसर्गिक इस्ट्रोजेन आहे, गोठे आहेत, काही डिटर्जंटमधून निघणारं, इस्ट्रोजेनसारखं वागणारं नोनिलफेनॉलही आहे. उपाय केंद्राच्या शेवटच्या टप्प्यावर आहे, ओझोन किंवा सक्रिय कोळसा. स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक केंद्रांना कायद्यानेच हा टप्पा जोडायला लावला. खर्चिक आहे, वीजही खातो.

त्या तळ्यात डोस थांबल्यावर मिनो परतले, काही वर्षांनी. तिथे बाटली बंद करता आली. शहराची गटारं बंद करता येत नाहीत, म्हणून मी केंद्राच्या त्या शेवटच्या टप्प्याबद्दल बोलतोय.