चुंबक दाराला चिकटत नाही : दुरुस्त केलेली एम.जी.ए. विकताना

मित्रहो, जुनी गाडी कशी विकत घ्यावी याचा सल्ला द्यायला मुंबईत कोणीही तयार असतो. ती कशी विकावी यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण विकणाऱ्याने बहुधा काहीतरी झाकून ठेवलेले असते. मीही ठेवले होते. तीस वर्षे सांभाळलेली १९५७ सालची एम.जी.ए., म्हणजे एम.जी. या इंग्रजी कंपनीची स्पोर्ट्स गाडी, मी गेल्या वर्षी विकली. त्या व्यवहारात जे शिकलो तेवढेच आज सांगणार आहे.

ही गाडी १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. एकूण एक लाखाहून थोड्या अधिक गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेकडे गेल्या. सुरुवातीच्या गाड्यांना १४८९ घनसेंमीचे इंजिन आणि एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असत. बसायची सोय दोघांचीच आणि उघड्या गाडीच्या दाराला बाहेरून मूठच नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडते. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने आधी बाहेरून मूठ शोधली.

आता इंजिनाची गोष्ट, कारण माझ्या गाडीची सारी भानगड तिथेच होती. एम.जी.ए.चे इंजिन बी-सिरीज या घराण्यातले. त्याच घराण्यातले आणि तेवढ्याच १४८९ घनसेंमीचे इंजिन १९५९ पासून आपल्या अँबॅसडरला लागू लागले, फक्त कार्बोरेटर एक आणि ताकद कमी. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक बंधने होती, त्या काळात एखाद्या एम.जी.चे इंजिन जाम झाले की मेस्त्री भंगारातून अँबॅसडरचे इंजिन आणायचे, ते बसवायचे आणि गाडी रस्त्यावर काढायचे. याला कोणी फेरफार म्हणत नसे. गाडी चालू झाली, एवढेच त्याचे महत्त्व. माझ्या आधीच्या मालकाने हेच केले होते. त्याने मूळ ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा क्रमांक असलेला मुख्य ओतीव सांगाडा, फेकून दिला नाही, ही त्याची मेहेरबानी. तो ब्लॉक गिरगावातल्या माझ्या भावाच्या माळ्याखाली ताडपत्रीत गुंडाळून वर्षानुवर्षे पडून होता आणि वहिनींच्या शिव्या खात होता.

मी स्वतः आणखी तीन बदल केले. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक लावले, डायनॅमोच्या जागी आल्टर्नेटर आला आणि त्यासाठी पॉझिटिव्ह अर्थिंग बदलून निगेटिव्ह केले, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले होते, तिथे ऋण टोक जोडले. यांतले सगळे उलट फिरवता येते. चासी कापली, पत्रा कापला, तर ते उलट फिरवता येत नाही. खरेदीदाराला गाडीत किती बदल केले यापेक्षा ते मागे घेता येतात का, हे आधी कळायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले गिऱ्हाईक खिशात चुंबक घेऊन आले. रंगाखाली पुट्टी भरली असेल तर चुंबक धरत नाही, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. त्यांनी तो दाराला लावला आणि तो घसरून खाली पडला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी जणू त्यांना कागदाची गाडी विकत होतो. एम.जी.ए.च्या दारांचा बाहेरचा पत्रा, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असते, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटलेही. मग त्यांनी पुढच्या चाकामागच्या मडगार्डला चुंबक लावला. तिथला पत्रा लोखंडी, तरीही चुंबक पडला. तिथे खरोखरच पुट्टी होती. मुंबईच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्लेला असताना रंगाऱ्याने तो कापून नवा जोडण्याऐवजी थापून भरला होता, आणि मला ते माहीत होते. मी ते सांगितले नव्हते. त्यानंतर माझे दारांविषयीचे खरे बोलणेही त्यांच्या लेखी खोटे ठरले आणि ते चहा न घेताच गेले.

दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी मी दोन पाने लिहून काढली : काय मूळचे, काय बदललेले, कुठे पुट्टी, कुठे नवा पत्रा. सोबत इंग्लंडमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदवहीवरून मिळणारे प्रमाणपत्र ठेवले. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता आणि इंजिनाचा क्रमांक काय, हे येते. माझ्या गाडीतल्या इंजिनाचा क्रमांक अर्थातच त्याच्याशी जुळत नव्हता. ताडपत्रीतल्या ब्लॉकचा जुळत होता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आरसी बुकावरचा इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्षातला क्रमांक एक नसेल, तर आधी आरटीओत तो बदल नोंदवून घ्या. त्याशिवाय विसारसुद्धा घेऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे. पण गाडी मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. अँबॅसडरचे इंजिन घातलेल्या एम.जी.ने या दाराशी उभे राहून काय सांगावे? म्हणून त्या मूळ ब्लॉकचे मोल मी समजत होतो त्याहून कितीतरी जास्त निघाले.

आणि भाव. मी तीस वर्षांची बिले फायलीत लावून त्यांची बेरीज केली होती. ती पाहून गिऱ्हाईक हसून म्हणाले, ‘‘काका, हा तुमचा खर्च झाला, भाव नव्हे.’’ मला राग आला, पण त्यांचे बरोबर होते. माझ्या क्रोम आणि चामड्याच्या बिलांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. चासीच्या वेल्डिंगचे बिल आणि त्यासोबतचे काम चालू असतानाचे फोटो मात्र त्यांनी दोनदा मागून घेतले.

सौदा ठरला. मालकी बदलासाठी आरटीओच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या झाल्या. टेम्पो आधी गिरगावात गेला, ब्लॉकसाठी. गाडी त्यांनी तीन दिवसांनी नेली.